यसूआक्काच्या न्हाणीचा दर्जा

एका गावात एक फरशी मिस्त्री आहे. आहे म्हणतो, होता म्हणत नाही, कारण तो अजून तिथेच आहे, धडधाकट आहे, आणि ही गोष्ट त्याच्यासमोर कोणी काढली तर उठून जात नाही. मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकतो. गावाचे नाव मात्र मी सांगणार नाही. तुम्ही त्याला बघायला जाल, आणि त्याची तेवढी शिक्षा आता पुरे झाली.

त्याचे नाव नारबा. हा नारबा विडी ओढत नाही. देवापुढे दिवा त्याची बायको लावते, आणि चूल तर त्याने जन्मात पेटवलेली नाही. तरी त्याच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक काडेपेटी असते. ती का असते, त्याचीच ही गोष्ट.

नारबाचा हात चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. त्याने बसवलेल्या टाइल्सवर लेव्हलची बाटली ठेवली तर बुडबुडा मधोमध थांबायचा. हे काम त्याला मकबूल मिस्त्रींनी शिकवले. मकबूल मिस्त्री आता नाहीत. दोन टाइल्सच्या मध्ये जी बारीक फट राहते तिला ते दरज म्हणायचे. नवे लोक त्या फटीत ग्राऊट, म्हणजे बारीक सिमेंटचा लगदा, मारतात. मकबूल मिस्त्री दरजा भरायचे. टाइल कोणीही चिकटवील, मिस्त्री ओळखावा तो दरजेवरून, हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. त्याच्या मागोमाग ते आणखी एक वाक्य म्हणायचे.

"दरज बुडातनं भर. नुसती वरनं पुसलेली दरज मानसाला कळत न्हाय, पान्याला कळती."

पहिले वाक्य नारबाने मनावर घेतले. दुसरे त्याला पाठ होते, एवढेच.

नारबाला एक खोड होती. काम संपले की तो लगेच घरी जात नसे. फडक्याला हात पुसत दाराशी रेंगाळे आणि बघायला आलेली माणसे काय म्हणतात ते ऐके. हात कधीच कोरडे झालेले असत, तरी पुसणे चालूच राही. कोणी वाहवा केली की मग तो सायकलवर टांग टाकी. स्तुती सगळ्यांनाच गोड लागते, मलाही लागते. पण नारबा स्तुतीची वेळ आधी ठरवायचा आणि काम त्या वेळेत बसवायचा. घोटाळा तिथेच झाला.

त्याच गावात वरच्या आळीला यसूआक्का राहत होती. ती गावची सुईण. गावातली निम्मी माणसे तिच्या हातावर जन्मली. नारबाही त्यातलाच. तो पायाळू होता. आईच्या पोटात दीड दिवस अडला होता, आणि तेवढा दीड दिवस यसूआक्का खाटेपासून हलली नव्हती. म्हणून ती त्याला चारचौघांत नाऱ्या म्हणे, आणि एरवी मिस्त्री म्हटल्याशिवाय मान न वळवणारा नारबा ते ऐकून घेई.

जन्मभर बायकांच्या खाटेशी उकिडवे बसून यसूआक्काचे गुडघे कामातून गेले होते. तिची न्हाणी म्हणजे मागच्या परड्यात एक दगड, आणि भोवती जुन्या लुगड्याचा आडोसा. आडोशाच्या पलीकडून शेताकडे जाणारी वाट. सकाळी आक्का अंघोळीला गेली की नेमके कोणीतरी वाटेवरून जाई. मग ती अंग आखडून खाली बसे, आणि माणूस लांब गेला की भिंतीला धरून, गुडघ्यांना शिव्या देत उठे. सत्तरीला आलेल्या बाईने रोज असे दडून बसायचे, याची तिला फार लाज वाटे. ती कोणाला सांगत नसे. एकीला मात्र सांगितले होते.

ती एक म्हणजे तिची धाकटी जाऊ, हौसाकाकी. दोघींचे नवरे गेलेले. घरे शेजारी, मध्ये भिंत एकच. हौसाकाकी पापड करून विकायची, आणि तिच्या पापडाला पंचक्रोशीत नाव होते. सकाळचा चहा हौसाकाकीकडे आणि दुपारचा आक्काकडे, असे पंचवीस वर्षे चालले होते. हौसाकाकीनेच लकडा लावला की घरात न्हाणी करून घ्या, चांगली टाइल्सची. दोघी तालुक्याला जाऊन आभाळी रंगाच्या टाइल्स निवडून आल्या. कामाला नारबाच पाहिजे, असे आक्काने बजावले. जागा मिळाली ती त्या मधल्या भिंतीला लागून.

नारबाने टाइल्स सुरेख बसवल्या. मग तो म्हणाला, आता फक्त दरजा भरायच्या राहिल्या. आक्काने ऐकले 'दर्जा'. तिने आळीभर सांगितले की टाइल्स बसल्या, आता नारबा दर्जा भरणार हाय. बायका येताजाता विचारू लागल्या, भरला का दर्जा? नारबाला हसू आवरेना. त्याने आक्काला समजावले की दर्जा म्हणजे प्रत, आणि दरजा म्हणजे या फटी, दोन्ही वेगळे.

"तेच की," आक्का म्हणाली. "दर्जा भरला म्हंजे झालं."

शेवटच्या दिवशी आक्काने आळीतल्या बायकांना चारच्या सुमाराला बोलावले होते. शिरा करणार होती. हे नारबाला सकाळीच कळले, आणि त्याने मनातल्या मनात चारची वेळ धरली.

आता दरज नीट भरायची तर काय करावे लागते, ते सांगतो. टाइल बसवताना खालचे सिमेंट दाबाने वर येते, फटीत ठिकठिकाणी अडकते आणि मध्ये पोकळ राहते. ते आधी खिळ्याने उकरून काढावे लागते. एकेक फट करून, सगळ्या. मग ब्रशने धूळ झाडायची. फट जराशी ओली करायची. ग्राऊट चटणीसारखा घट्ट कालवायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, पुन्हा हलवायचा. रबराच्या थापीने तिरका रेटायचा, म्हणजे तो बुडापर्यंत जातो. मग थांबायचे. तो ओढून आला, म्हणजे जरा सुकत आला, की पिळून घेतलेल्या स्पंजने हलक्या हाताने पुसायचे, आणि पुन्हा थांबायचे. यात अवघड काही नाही. पण निम्मे काम थांबण्याचे आहे, आणि थांबलेल्या मिस्त्रीकडे बघून कोणी वाहवा करीत नाही.

नारबाने त्या दिवशी फटी उकरल्या नाहीत. उकरत बसले तर चार कधीच टळून गेले असते. त्याने ग्राऊट पातळ कालवला, भराभर वरून फिरवला आणि ओल्या फडक्याने लगेच पुसून काढला. पुसताना निम्मा फडक्याबरोबर निघून आला. जो राहिला तो डागाडागांचा दिसू लागला. मग त्याने पांढऱ्या सिमेंटची कोरडी भुकटी त्याच्यावर शिंपडली आणि गोणपाटाने घासून घासून गुळगुळीत केली. वरून बघावे तर दरजा रांगोळीच्या रेघेसारख्या सरळ, पांढऱ्या. आत पोकळ.

हे त्याला कळत नव्हते असे नाही. मकबूल मिस्त्रींचे वाक्य आठवलेही. पण त्याने स्वतःची समजूत काढली, की इथे कोण पाण्याचा कारखाना घालतंय. एक म्हातारी आणि तिची एक बादली.

आक्काने दीड दिवस ज्याची वाट बघितली, त्याला तिच्यासाठी अर्धा दिवस थांबता आले नाही.

चारला बायका आल्या. न्हाणीत एका वेळी दोघीच मावत, म्हणून बाहेर रांग लागली. हौसाकाकीने टाइल्सवरून तळहात फिरवला आणि म्हणाली की काचेवानी लागतंय हाताला. कोणी म्हणाले, तालुक्याच्या डॉक्टरांच्या घरातसुद्धा असे काम नाही. नारबा दाराशी हात पुसत उभा होता.  आक्काने दार आतून लावून बघितले, कडी घालून बघितली, आणि बाहेर आली तेव्हा डोळ्याला पदर लावला होता. नारबा दुप्पट खूश होऊन घरी गेला.

पुढे दीडदोन महिने झाले. हौसाकाकीच्या घरात मधल्या भिंतीवर तळहाताएवढी ओल दिसली. आठ दिवसांत ती सुपाएवढी झाली. त्याच भिंतीला लागून तिचे पापडाचे डबे रचलेले असत. खालच्या डब्यांना बुरा आला. हौसाकाकीच्या ध्यानात यायच्या आधीच त्यातले पापड एका लग्नघरी गेले होते. ते परत आले, आणि आले ते चार बायकांच्या देखत. हौसाकाकीचे पापड बुरसटले, असे गावाने पहिल्यांदा म्हटले.

ती आक्काकडे आली आणि म्हणाली की तुमच्या न्हाणीचे पाणी माझ्या भिंतीत मुरतंय. आक्का म्हणाली, असे होणार नाही, नारबाच्या हातचे काम आहे. तरी नारबालाच बोलावू, तो बघून सांगेल.

नारबा आला. त्याच्या मागे हौसाकाकी, आक्का आणि आळीतली चार माणसे आली. तो न्हाणीत जाऊन कोपऱ्याशी उकिडवा बसला. खिडकीत आक्काची उदबत्तीची काडेपेटी होती. त्याने एक काडी घेतली आणि खालच्या दरजेत टोचली. काडी अख्खी आत गेली. नुसता टोकाचा गूल बाहेर राहिला.

सगळे त्याच्या पाठीमागे होते. काडी कोणाला दिसली नाही. तेवढ्या वेळात एक वाक्य बोलायचे होते, माझं चुकलं. वाक्य फार मोठे नाही. पण मागे चार माणसे उभी होती, आणि त्या चार माणसांच्या तोंडी नारबाचे नाव होते. त्याने काडी ओढून खिशात टाकली, भोकावर अंगठा घासला आणि उठला.

"दरजा पक्क्या हाईत," तो म्हणाला. "आक्का, पानी लई ओतता तुमी. एवढ्या पान्याला कुठली भिंत टिकायची?"

यसूआक्काने त्याच्याकडे बघितले. बराच वेळ बघितले. मग तिने आपल्या अंगठ्याचे नख पदराला पुसले.

"आसंल," ती म्हणाली. "माझा हात सैल हाय. हौसे, चुकलं माझं."

मिस्त्रीने सांगितले आणि आक्काने कबूल केले, मग आणखी काय राहिले? हौसाकाकीला राग आला तो भिंतीचा नव्हता. मी येऊन सांगितले तेव्हा कानावर घेतले नाही, माझे नाव गेल्यावर चूक कळली, असे म्हणून ती घरात गेली. परड्याकडचे आपले मागचे दार तिने लावले आणि वर खिळा मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा नव्हता. दुपारीही नव्हता.

महिनाभरात भिंत सुकली. गाव म्हणाले, बघा, नारबा बोलला ते खरे निघाले. म्हातारीने हात आवरला आणि ओल गेली.

हे ऐकून नारबाला बरे वाटायला हवे होते. त्याला वाटले नाही. भिंत आपोआप कशी सुकली, हे त्याला कळेना, आणि विचारायला वरच्या आळीला जायचे धाडस होईना. ती काडी कितीतरी दिवस त्याच्या खिशात होती. फेकायची म्हणून काढायचा आणि पुन्हा ठेवायचा. लोक सांगायला येत की आक्कासारखी न्हाणी आम्हालाही करून द्या. कोणी असे म्हटले की त्याचे कान तापत. स्तुती ऐकायला रेंगाळणारा माणूस, आता स्तुती सुरू झाली की सायकल काढू लागला.

एका सकाळी त्याला मळ्यात एका कामाचे माप घ्यायला जायचे होते. वाट आक्काच्या परड्यामागून जात होती. जवळ येतो तो काय, दगडाभोवती जुन्या लुगड्याचा आडोसा पुन्हा बांधलेला. आत पाण्याचा आवाज. नारबाने रीतीप्रमाणे खाकरले आणि तोंड दुसरीकडे फिरवले. आतला पाण्याचा आवाज थांबला. कोणीतरी कण्हत खाली बसले.

"कोन हाय?" आतून आक्काने विचारले.

"मी. नारबा."

 मग ती म्हणाली की मग जा पुढं, लवकर जा, गुडघं धरल्यात.

तो चार पावले गेला आणि थांबला. पाठ तशीच आडोशाकडे. त्याला पुढे जाता येईना. घरात न्हाणी असताना इथे का, असे त्याने विचारले.

"हौसाची भिंत सुकू दे म्हनलं."

"आक्का, एका बादलीनं..." नारबा म्हणाला.

"एका बादलीनं भिंत भिजत न्हाय, ते मलाबी कळतंय, नाऱ्या. तुझ्या दरजंतनं पीठ निघतंय. नखात येतंय माझ्या."

दरज. आज पहिल्यांदाच तिने तो शब्द बरोबर म्हटला होता. नारबाला हसू आले नाही.

त्याने विचारले, मग त्या दिवशी तुम्ही बोललात का नाही?

"चार मानसं हुती. तुझं नाव हुतं त्या न्हाणीवर, त्येच्यावर पानी कशाला ओतू?" आक्का म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "म्हनलं, तू बोलशील. तुझी वाट मी आधीबी बघितलीया. तू उशिरा येतोस, ठावं हाय मला."

नारबाला लाज वाटली. अशी वाटली की उभ्या जागी जमीन दुभंगली असती तर तो खुशाल आत गेला असता. या बाईला दडून बसावे लागू नये म्हणून त्याला न्हाणी करायला सांगितली होती. आणि ती आज दडून बसली होती ती त्याच्यापासून, आणि त्याच्याचसाठी. तिने घरातली न्हाणी सोडली होती, चहा सोडला होता, जाऊ सोडली होती. त्याने काय सोडले? एक वाक्यसुद्धा तोंडातून सोडले नव्हते. त्याला मागे वळून तिचे पाय धरता येईनात, कारण ती अंघोळ करीत होती. आणि पुढेही जाता येईना. शेवटी तिनेच पुन्हा सांगितले की जा रं, थंडी वाजती, तेव्हा तो हलला.

मळ्यात तो गेलाच नाही. वळसा घालून तो हौसाकाकीच्या पुढच्या दाराशी आला. तिथे पापड लाटायला पाचसहा बायका बसल्या होत्या. नारबाने त्या उठून जायची वाट बघितली नाही. खिशातली काडी काढून त्याने उंबऱ्यावर ठेवली.

"काकी, तुमची भिंत मी भिजवली," तो म्हणाला. "दरजा पोकळ भरल्या मी. ही काडी अख्खी आत गेलती त्या दिवशी. मला कळलं हुतं, तरी मी आक्कावर ढकललं."

लाटणी थांबली. हौसाकाकीने काडीकडे बघितले, मग त्याच्याकडे. त्याला वाटले आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर त्याला हलके वाटले असते.

"म्हैनाभर मी त्या बाईला चहा न्हाय विचारला," हौसाकाकी म्हणाली. "आन् ती गप ऱ्हायली."

ती उठली. परड्याकडच्या दाराचा खिळा तिने उलथण्याने उपसून काढला आणि तशीच पिठाच्या हातांनी बाहेर गेली. त्या दोघी काय बोलल्या, ते कोणाला ऐकू आले नाही. थोड्या वेळाने हौसाकाकी परत आली ती आक्काची बादली हातात घेऊन. आडोशाचे लुगडे तिच्या खांद्यावर होते. तिचे डोळे लाल झाले होते, आणि नारबाकडे तिने पुढे आठ दिवस बघितले नाही.

नारबा त्याच दुपारी करवतीच्या पात्याचा तुकडा आणि खिळा घेऊन न्हाणीत बसला. सगळ्या दरजा उकरायला त्याला चार दिवस लागले. दार त्याने मुद्दाम उघडे ठेवले. नारबा चांगली न्हाणी का उकरतोय, हे बघायला लोक आले. रांग पहिल्यासारखीच लागली. प्रत्येकाने विचारले, आणि प्रत्येकाला त्याने एकच सांगितले, की मी खोटं काम केलं हुतं, ते काढतोय. कोणी म्हणाले, जाऊ दे रे, होते. कोणी तोंडावर हसले. एकाने विचारले, काय नारबा, दरजा का दर्जा? त्याने मान वर केली नाही. तालुक्याच्या डॉक्टरांच्या बंगल्याचे त्याला मिळायचे ठरलेले काम त्या आठवड्यात दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले. तेही त्याने ऐकून घेतले.

मग त्याने धूळ झाडली. फटी ओल्या केल्या. घट्ट ग्राऊट कालवला, ठेवला, पुन्हा हलवला, आणि रबराच्या थापीने तिरका रेटत बुडापर्यंत नेला. मग तो थांबला. न्हाणीच्या दारात हात गुडघ्यांवर ठेवून नुसता बसून राहिला. समोर आक्का तांदूळ निवडत बसली होती.  ग्राऊट ओढून आल्यावर त्याने स्पंज पिळून एकदा पुसला, आणि पुन्हा येऊन बसला. लाज वाटत असताना एका जागी बसणे किती अवघड असते, ते बसलेल्यालाच कळते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काने तांदळातून वर न बघता विचारले, "झाल्या का दरजा?"

"दरजा झाल्या," नारबा म्हणाला. "दर्जा तुमी बघा, आक्का."

आक्का भिंतीला धरून उठली. खिडकीतल्या काडेपेटीतली एक काडी तिने घेतली, न्हाणीत जाऊन कोपऱ्यातल्या त्याच दरजेत टोचली. काडी आत गेली नाही. तिने जोर लावला, तशी काडी मोडली. आक्काने मोडलेली काडी त्याच्या तळहातावर ठेवली, वर सगळी काडेपेटी ठेवली, आणि पुन्हा तांदळाशी जाऊन बसली.

तीन दिवस न्हाणीत कोणी पाणी सांडले नाही. चौथ्या दिवशी सकाळी नारबा दोन्ही घरांच्या मधल्या ओट्याशी येऊन उभा राहिला. हात पुसायला फडके नव्हते, म्हणून तो नुसताच उभा होता. आक्का न्हाणीत गेली. तिने कडी लावलेली त्याला ऐकू आली. पलीकडे हौसाकाकीने सगळे डबे बाजूला केले होते आणि दोन्ही तळहात भिंतीला लावून ती उभी होती. ते उघड्या दारातून नारबाला दिसत होते.

पहिली बादली ओतल्याचा आवाज आला. मग आतून आक्काने विचारले, "हौसे, कोरडी हाय का गं?"

हौसाकाकीने तळहात खाली सरकवले, वर सरकवले. गालसुद्धा भिंतीला लावून बघितला.

"कोरडी हाय, आक्का," ती भिंतीपलीकडून म्हणाली. "घाला आनखी."

आक्काने आणखी घातले. त्या दिवशी तिने चार बादल्या घेतल्या, आणि मग हौसाकाकीने चहाला आधण ठेवले. नारबाला कोणी चहा विचारला नाही, आणि त्याने वाटही बघितली नाही. काडेपेटी खिशात चाचपली आणि तो घरी गेला.

तेव्हापासून काम संपले की नारबा दाराशी रेंगाळत नाही. घरमालक तोंड भरून कौतुक करू लागला की तो खिशातली काडेपेटी काढून त्याच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, आधी काडी घालून बघा. लोकांना वाटते ही मिस्त्रीची ऐट आहे. वरच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्यांना माहीत आहे की ऐट नाही.

तात्पर्य: दरज बुडातून भरावी आणि चूक पहिल्याच दिवशी बोलावी, दोन्हीकडे नुसते वरून पुसले, तर ओल दुसऱ्याच्या भिंतीवर उमटते.